वाचकांचे प्रश्न : सायकेडेलिक रॉक आणि किनाऱ्यावरचे श्रोते

मागील अंकात आम्ही कोकणातील वाचकांना १९६० आणि १९७० च्या दशकांतील सायकेडेलिक रॉकविषयीच्या, म्हणजे स्वप्नातल्यासारखे भासणारे आवाज उभे करणाऱ्या रॉक संगीताविषयीच्या, आठवणी आणि प्रश्न कळवण्याचे आवाहन केले होते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी फार आपुलकीने लिहिले. ज्या पत्रांतून आठवण आणि प्रश्न दोन्ही आले, ती येथे निवडली आहेत. बहुतेकांच्या विनंतीवरून नावे न छापता केवळ गाव दिले आहे.

प्रश्न : १९७० च्या सुमारास आमच्या घरी वीज आलेली नव्हती, परंतु माझ्या थोरल्या भावाकडे बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर होता. रात्रीची जेवणे आटोपली की आम्ही दोघे पडवीत बसून शॉर्टवेव्हवर परदेशी केंद्रे शोधत असू. पिंक फ्लॉइडचे नाव मी तेव्हाच प्रथम ऐकले. त्या गाण्यांतील आवाज भरतीच्या लाटेसारखा फुगत आणि ओसरत असे. पुढे मुलाने त्याच गाण्यांची सीडी आणून दिली, तेव्हा ते फुगणे आणि ओसरणे मला त्यात तितकेसे सापडले नाही. माझी आठवण चुकीची आहे काय? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : आपली आठवण चुकीची नाही. आपण जे ऐकले, त्यातील काही भाग लंडनच्या स्टुडिओत तयार झाला होता आणि काही भाग आपल्या डोक्यावरच्या आकाशात तयार होत होता. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या फार वरच्या थरातून, म्हणजे आयनांबरातून, परावर्तित होऊन पुन्हा जमिनीकडे येतात आणि बहुधा एकाहून अधिक वाटांनी रेडिओपर्यंत पोहोचतात. या वाटांची लांबी सारखी नसल्यामुळे एक लहर दुसरीच्या किंचित मागे राहते. दोन्ही एकत्र आल्या की आवाजातील काही कंप्रता एकमेकींना पुसून टाकतात, काही अधिक बळावतात आणि आयनांबर सतत हलते असल्यामुळे हे मिटणे आणि उमटणे क्षणोक्षणी जागा बदलत राहते. कानाला ते एका सळसळत्या, वरखाली होणाऱ्या हेलकाव्यासारखे जाणवते.

विशेष म्हणजे, ज्या वर्षी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम आला त्याच १९६७ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओतील तंत्रज्ञ हाच परिणाम मुद्दाम घडवत होते. एकच ध्वनिमुद्रण दोन टेपयंत्रांवर एकाच वेळी वाजवायचे आणि त्यांतील एक यंत्र किंचित मंद करायचे, अशी ती युक्ती होती. स्मॉल फेसेस या बँडच्या ‘इचिकू पार्क’ या गाण्यात आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये तो परिणाम स्पष्ट ऐकू येतो. पिंक फ्लॉइडकडे याखेरीज बिन्सन एकोरेक नावाचे इटालियन यंत्र होते, ज्यात फिरत्या चुंबकीय ढोलावर आवाज नोंदवून तो पुन्हापुन्हा उमटवला जाई. म्हणजे आपण पडवीत बसून ऐकत होता ते मुळातच प्रतिध्वनींनी भरलेले संगीत होते आणि त्यावर आयनांबराने स्वतःचा आणखी एक थर चढवला होता. हा दुसरा थर सीडीवर असणे शक्यच नव्हते.

आपण वीज नसल्याचा उल्लेख केला आहे, तोही येथे महत्त्वाचा आहे. मोटारी, ट्यूबलाइट आणि सदोष तारा यांमुळे शहरातील रेडिओवर सतत खरखर असे. वीज न पोहोचलेल्या किनाऱ्यावरच्या गावात ती खरखर नव्हती आणि त्यामुळे दूरची क्षीण केंद्रेही तेथे उमटत असत. त्या काळी हर्णैच्या पडवीत परदेशी केंद्र मुंबईतील एखाद्या खोलीपेक्षा स्वच्छ लागले असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

प्रश्न : आमच्या घराण्यात रापण ओढण्याचा व्यवसाय होता. जाळे ओढताना एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, ही पद्धत मी लहानपणापासून ऐकली आहे. गेल्या मे महिन्यात नातवाने किंक्स नावाच्या ब्रिटिश बँडचे १९६५ चे ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणे लावले आणि ते भारतातील मच्छीमारांच्या गाण्यावरून सुचले असल्याचे सांगितले. माझी वृद्ध आई ते ऐकून म्हणाली, “ह्यां तर आपल्या रापणकारांचां गाणां.” नातू सांगतो त्यात तथ्य आहे काय? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपल्या नातवाने सांगितलेले खरे आहे, आणि आपल्या आईंनी जे ओळखले ते मला त्याहून मोलाचे वाटते. जानेवारी १९६५ मध्ये किंक्स हा बँड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला असताना वाटेत मुंबईला थांबला होता. बँडचे गायक आणि गीतकार रे डेव्हिस यांनी तेथे पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचे सामूहिक गाणे समुद्रकाठी ऐकले आणि त्यावरून हे गाणे सुचल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. तबकडी त्याच वर्षी जुलैअखेरीस प्रसिद्ध झाली. ते मच्छीमार मालवणचे नव्हते, मुंबईचे होते. पण मुंबईचा किनारा हा याच कोकणपट्टीचा भाग आहे.

या गाण्याकडे बारकाईने लक्ष देण्याची आवश्यकता आहे, कारण सायकेडेलिक रॉकचा पाया ज्या गोष्टीवर उभा राहिला ती येथे फार लवकर दिसते. या ध्वनिमुद्रणात सतार नाही, तबला नाही. गिटारचा एक सूर फीडबॅकच्या, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरण्याच्या, साहाय्याने लांबवत नेलेला आहे आणि त्या न हलणाऱ्या सुरावर गायकाचा किंचित अनुनासिक आवाज झुलतो आहे. त्याच वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाण्यासाठी यार्डबर्ड्स या बँडने सतारवादकाला बोलावले होते, परंतु अखेरच्या तबकडीत सतारीऐवजी बँडचे गिटारवादक जेफ बेक यांनी फझ (आवाज मुद्दाम फाटका करणारे साधन) लावलेल्या गिटारवर तिची नक्कल केली. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी वाजवलेली सतार लोकांसमोर आली ती डिसेंबरमध्ये. या तिघांत किंक्स सर्वांत खोलवर गेले असे माझे मत आहे, कारण त्यांनी वाद्य उचलले नाही, तर गाण्याची रीत उचलली. पुढील दोन-तीन वर्षांत सतार असंख्य तबकड्यांवर शोभेसाठी येऊन गेली आणि त्यांतील पुष्कळ तबकड्या आज कुणाला आठवतही नाहीत. परंतु एकच सूर धरून ठेवण्याच्या कल्पनेने मात्र पाश्चात्त्य गाण्याची मूळ रचनाच बदलली.

ती कशी बदलली हे बीटल्सच्या ‘टुमारो नेव्हर नोज’ या रचनेत सर्वांत चांगले कळते. एप्रिल १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ही रचना ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या अखेरीस आहे. पाश्चात्त्य गाणे सामान्यतः एका स्वरमेळाकडून दुसऱ्याकडे चालत असते. येथे मात्र जवळजवळ सारे गाणे एकाच स्वरमेळावर उभे आहे आणि त्याखाली तंबोरा वाजत राहतो. जॉन लेनन यांचा आवाज काही भागात हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून नेला आहे. टेपचे छोटे तुकडे टोकाला टोक जोडून त्यांची वेटोळी केली होती आणि ती वेगवेगळ्या वेगांनी फिरवत मिश्रणात सोडली होती. त्यांतील समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटासारखा भासणारा आवाज म्हणजे वेग वाढवलेले पॉल मॅकार्टनी यांचे हसणे आहे, असे सांगितले जाते. हे सारे जुळवणारे ध्वनितंत्रज्ञ जेफ एमेरिक त्या वेळी केवळ २० वर्षांचे होते.

कोकणातील श्रोत्याला, मग तो कितीही कमी इंग्रजी जाणणारा असो, या संगीताचे फारसे परकेपण का वाटले नाही, याचे उत्तर मला येथेच सापडते. ज्याने भजनात पेटीचा धरलेला सूर ऐकला आहे, दशावतारात पायपेटीवर रात्रभर टिकणारा षड्ज ऐकला आहे, त्याला एका सुरावर थांबून राहण्याची सवय होती. लंडन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या तरुणांना जी गोष्ट क्रांतिकारक वाटली, ती आपल्या आईंच्या कानाला घरची वाटली, आणि दोघांचेही ऐकणे खरे होते.

त्या पहाटेच्या मच्छीमारांची नावे कोणत्याही तबकडीवर नाहीत आणि त्यांचे गाणे त्या दिवशी कुणी ध्वनिमुद्रितही केले नाही, ही गोष्ट मला फार लागते. यांत्रिक मासेमारीमुळे रापणी कमी होत आहेत. आपल्या कुटुंबातील किंवा वाडीतील जे कुणी जुन्या हाका अजून देऊ शकतात, त्यांचा आवाज नातवाच्या मोबाइलवर अवश्य नोंदवून ठेवावा आणि कोणी, कधी, कोणत्या किनाऱ्यावर हाक दिली हेही त्यासोबत लिहून ठेवावे, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : आपल्या मासिकाने अमली पदार्थांच्या नशेतून जन्मलेल्या या गोंगाटाला इतकी जागा द्यावी, याचे मला वाईट वाटते. या आठवणी गोड मानण्यासारख्या आहेत काय? (एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी)

उत्तर : आपली खंत मी मनापासून समजू शकतो आणि तिच्यातील सत्य नाकारत नाही. एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली द्रव्याचा या संगीताच्या उगमाशी संबंध होता. कॅलिफोर्नियात ते ऑक्टोबर १९६६ पर्यंत बेकायदा नव्हते आणि सॅन फ्रान्सिस्कोतील बँड त्याविषयी उघडपणे बोलत. त्याची किंमतही अनेकांनी मोजली. टेक्सासमधील थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स हा बँड या प्रवाहातील अगदी आरंभीच्या बँडपैकी एक; त्याचे विलक्षण आवाजाचे गायक रॉकी एरिक्सन यांना १९६९ मध्ये गांजा बाळगल्याबद्दल अटक झाली, त्यानंतर मनोरुग्णालयात ठेवले गेले आणि त्यांच्या तारुण्याची उमेदीची वर्षे त्यात गेली. अशा आठवणींना कुणीही गोड म्हणू नये.

परंतु नशेतून हे संगीत घडले, असे मात्र मी म्हणणार नाही. वर उल्लेखिलेली टेपची वेटोळी जुळवण्यासाठी, दोन यंत्रांचे वेग हाताने सांभाळण्यासाठी, किंवा बारा तारांच्या गिटारवर जॉन कोलट्रेन यांच्या जाझची आणि पंडित रविशंकर यांच्या सतारीची छाया उमटवण्यासाठी — बर्ड्स या बँडच्या रॉजर मॅग्विन यांनी १९६६ मध्ये ते केले — शुद्धीवरचा कान आणि कष्टाने कमावलेला हात लागतो.

स्वतः रविशंकर यांची भूमिका आपणास जवळची वाटेल. १८ जून १९६७ च्या दुपारी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी महोत्सवात त्यांनी उस्ताद अल्ला रखा यांच्या तबल्याच्या आणि कमला चक्रवर्ती यांच्या तंबोऱ्याच्या साथीने दीर्घ वादन केले आणि तेथील तरुण श्रोते भारावून गेले. त्याच रात्री हेंड्रिक्स यांनी रंगमंचावर आपली गिटार पेटवली, तेव्हा वाद्याची ही विटंबना पाहून रविशंकर व्यथित झाले. आपल्या संगीताची नशेशी सांगड घातली जाऊ नये असे ते सतत सांगत राहिले आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या बांगलादेशासाठीच्या कार्यक्रमातही त्यांनी श्रोत्यांना वादनाच्या वेळी धूम्रपान न करण्याची विनंती केली. तरीही त्या श्रोत्यांकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. त्यांच्यातील जिज्ञासा खरी आहे हे त्यांनी ओळखले होते, आणि माझ्या मते त्यांनी घेतलेली ही भूमिकाच योग्य होती.

प्रश्न : माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. रजेवर रत्नागिरीला येताना ते परदेशी बंदरांतून एखादी एलपी घेऊन येत. त्यांत ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ ही पिंक फ्लॉइडची तबकडी होती. तिच्यातील मुख्य गायकाचा आवाज मला फार आवडे, पण त्याच बँडच्या पुढच्या तबकड्यांत तो ऐकू येईना. मामांना विचारले तर ते एवढेच म्हणत, “तो मुलगा हरवला.” त्याचे पुढे काय झाले? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या मामांचे शब्द वस्तुस्थितीला धरून होते. तो गायक म्हणजे सिड बॅरेट. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची नावे जोडून बँडला नाव देणारेही तेच आणि आपल्याकडील तबकडीतील बहुतेक गाणी लिहिणारेही तेच. ही तबकडी १९६७ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. त्याच इमारतीत त्याच महिन्यांत बीटल्स आपला ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम पूर्ण करत होते. बॅरेट यांच्या गाण्यांत बुजगावणे आहे, मांजर आहे, सायकल आहे, बुटका गोष्टीतला माणूस आहे. आणि या बालसुलभ जगाच्या शेजारीच साडेनऊ मिनिटांहून अधिक चालणारी एक शब्दविहीन रचना आहे, जिच्यात गिटार, ऑर्गन आणि प्रतिध्वनी एकमेकांत विरघळतात. सिगारेटचा लायटर तारांवरून सरकवून ते गिटारमधून असे आवाज काढत, की ऐकणाऱ्याला वाद्य ओळखू येऊ नये.

१९६७ च्या अखेरीस त्यांची मनःस्थिती ढासळू लागली. काही कार्यक्रमांत ते गिटार गळ्यात अडकवून नुसते उभे राहत. एलएसडीचे अतिसेवन हे त्याचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते, पण मुळातच नाजूक असलेल्या मनावर अकस्मात आलेल्या प्रसिद्धीचा भारही पडला होता. १९६८ च्या आरंभी डेव्हिड गिलमोर बँडमध्ये आले आणि त्यानंतर काही महिन्यांतच बॅरेट बाहेर पडले. १९७० मध्ये त्यांचे दोन एकल अल्बम आले. ते पूर्ण होण्यासाठी गिलमोर आणि इतर जुन्या सहकाऱ्यांनीच हातभार लावला. त्यानंतर ते केंब्रिजला परतले, चित्रे काढू लागले, बागकाम करू लागले आणि संगीतापासून कायमचे दूर झाले. जुलै २००६ मध्ये वयाच्या ६० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मधल्या काळातील एक प्रसंग आपणास ठाऊक असावा म्हणून सांगतो. जून १९७५ मध्ये त्यांचे जुने सहकारी त्याच स्टुडिओत ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या, त्यांच्याच स्मृतीतून निर्माण झालेल्या दीर्घ रचनेवर काम करत असताना डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल गृहस्थ खोलीत येऊन उभा राहिला. तो सिड आहे हे ओळखायला त्यांना बराच वेळ लागला आणि ओळखल्यावर त्यांतील काहींना रडू कोसळले.

पिंक फ्लॉइडचे पुढचे काम थोर आहे आणि १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ जगभर घराघरांत पोहोचला. पण पहिल्या तबकडीतील निर्व्याज कुतूहल पुन्हा आले नाही, असे मला वाटते आणि आपण लहानपणीच ते टिपले याचा मला आनंद होतो. मामांच्या संग्रहात १९७१ चा ‘मेडल’ असेल तर त्याची दुसरी बाजू अवश्य लावावी. ‘एकोज’ ही तेवीस मिनिटांहून मोठी एकच रचना त्या पूर्ण बाजूवर आहे. रिचर्ड राइट यांनी पियानोची एक पट्टी दाबून तो सूर लेस्ली स्पीकरमधून नेला, त्या एका थेंबासारख्या सुरापासून ती सुरू होते. तिच्या मध्यभागी पक्ष्यांच्या आर्त किंकाळ्या ऐकू येतात, त्या खऱ्या पक्ष्यांच्या नाहीत. वाह-वाह पेडलच्या, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायपट्टीच्या, तारा उलट जोडल्यामुळे गिलमोर यांच्या गिटारमधून तो आवाज निघाला आहे.

प्रश्न : डोअर्स या बँडचे ‘द एंड’ हे गाणे कोणत्या रागात आहे? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : ते कोणत्याही रागात नाही. गिटारवादक रॉबी क्रीगर यांच्यावर भारतीय संगीताचा प्रभाव होता. या गाण्यासाठी त्यांनी गिटारच्या तारा अशा लावून घेतल्या, की खालची तार तंबोऱ्याप्रमाणे अखंड गुंजत राहावी. आरोह-अवरोह, वादी-संवादी असे काही त्यात शोधू नये; आलापासारखी सावकाश होणारी बढत मात्र शोधावी, ती सापडेल.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि मित्रांसोबत एक छोटा बँड चालवतो. आपल्या देशात त्या काळी असे बँड होते काय, की हे सारे केवळ बाहेरून आले? (एक विद्यार्थी, दापोली)

उत्तर : होते, आणि त्यांची ध्वनिमुद्रणे आज तुम्हाला ऐकता येतील. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला या सिगारेटच्या प्रसिद्धीसाठी ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा भरवली होती. तिच्यातील निवडक बँडच्या एलपी १९७० आणि १९७१ या वर्षांच्या नावाने निघाल्या. शिलाँगचे फेन्टोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, बंगळूरचे डायनोसॉर्स, मुंबईचे व्हेल्व्हेट फॉग अशी नावे त्यांत भेटतात. चांगली परदेशी वाद्ये आणि ॲम्प्लिफायर सहज मिळत नव्हते, तेव्हा ही मुले जे मिळेल त्यावर वाजवत होती. गिटारचा आवाज कुठे फाटलेला, कुठे खोलवरून आल्यासारखा ऐकू येतो, त्यातील काही हेतुपुरस्सर आहे आणि काही साधनांच्या टंचाईतून आलेले आहे. मला त्या तबकड्या अतिशय प्रिय आहेत. पुढे परदेशी संग्राहकांना त्यांचे मोल कळले आणि त्या पुन्हा छापल्या गेल्या. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडची ध्वनिमुद्रणेही अशीच २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कंपनीने नव्याने प्रसिद्ध केली.

याच्या जोडीला आनंद शंकर यांचा १९७० चा अल्बम ऐका. उदय शंकर यांचे हे पुत्र आणि रविशंकर यांचे पुतणे; त्यांनी सतार आणि मूग सिंथेसायझर हे विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य शेजारी ठेवले, आणि सतारीचे घराणे ज्यांच्या घरात होते त्यांनीच हा प्रयोग केला, याला मी फार महत्त्व देतो. चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांनी १९७१ मध्ये ‘दम मारो दम’मध्ये गिटार आणि ऑर्गन ज्या रीतीने वापरले, त्यामुळे हा ध्वनी गावोगावच्या लाउडस्पीकरवर पोहोचला, आपल्या तालुक्यातील कित्येकांनी सायकेडेलिक गिटार प्रथम ऐकली ती गणेशोत्सवाच्या किंवा लग्नाच्या मांडवात.

तुमच्या बँडसाठी एक सूचना करतो. परदेशी ध्वनीची नक्कल करण्याआधी हातातील वाद्यांतून काय निघते ते पाहा. वर उल्लेखिलेल्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्समधील टॉमी हॉल यांनी साध्या मातीच्या बुधल्याच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून त्यात आवाज काढला आणि तोच घुमारा त्या बँडची ओळख ठरला. दापोलीत पखवाज आहे, पेटी आहे, शिमग्याचा ढोल आहे. त्यांच्यासमोर एक मायक्रोफोन आणि एक एको पेडल ठेवून कधी एखादी संध्याकाळ घालवून पाहा.

प्रश्न : उस्ताद झाकिर हुसेन हे अमेरिकेतील रॉक बँडबरोबर वाजवत असत, असे वाचले. ते खरे काय? (एक वाचिका, गुहागर)

उत्तर : होय. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ग्रेटफुल डेड या बँडचे तालवादक मिकी हार्ट यांच्यावर उस्ताद अल्ला रखा यांच्या तबल्याचा खोल परिणाम झाला होता. १९५१ मध्ये मुंबईत जन्मलेले झाकिरभाई तरुण वयात कॅलिफोर्नियातील अली अकबर संगीत महाविद्यालयाशी जोडले गेले, तेव्हा या दोघांची मैत्री जमली. १९७६ मध्ये डिगा ऱ्हिदम बँडचा अल्बम आणि १९९१ मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’ ही त्या मैत्रीची फळे आहेत. दुसऱ्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये झाकिरभाई सॅन फ्रान्सिस्कोलाच निवर्तले. ‘डिगा’ ऐकताना आपणास रॉकचा गिटारवादक आणि तबल्याचा कायदा (ठरावीक बोलांचा विस्तार) एकत्र नांदताना ऐकू येतील आणि त्यात कुणी कुणाचा पाहुणा वाटत नाही.

प्रश्न : दिवंगत काकांनी जमवलेल्या हेंड्रिक्स, जेफरसन एअरप्लेन, डोअर्स इत्यादींच्या एलपी आणि त्यांनी रेडिओवरून स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट माझ्याकडे आहेत. यंदाच्या पावसाळ्यात दोन्हींवर पांढरी बुरशी आली. काय करावे? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : किनाऱ्यावरच्या प्रत्येक संग्राहकाला भेडसावणारा हा प्रश्न आहे, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

एलपी बहुधा पूर्णपणे वाचतील, कारण बुरशी विनाइलवर वाढण्यापेक्षा त्यावरील धुळीवर, बोटांच्या तेलकट डागांवर आणि कागदी पाकिटावर वाढते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रव साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ, धागे न सुटणारे कापड भिजवावे आणि खाचांच्या दिशेने गोलाकार पुसावे; आडवे कधीही घासू नये. मधल्या लेबलाला पाणी लागू देऊ नये. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून तबकडी सावलीत उभी वाळवावी. उन्हात ठेवल्यास ती वाकेल. आतील जुनी पाकिटे टाकून नवी घ्यावीत, अन्यथा बुरशी परत येईल. संग्रहात जुन्या ७८ वेगाच्या तबकड्या असतील तर त्या लाखेच्या असतात आणि त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नये.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, तबकड्या उभ्याच ठेवाव्यात आणि पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या ओल्या झाल्या की गरम करून पुन्हा वापराव्यात. घट्ट बंद केलेल्या प्लॅस्टिक पिशव्या टाळाव्यात, कारण त्यांत शिरलेली दमट हवा बाहेर पडत नाही. खाऱ्या वाऱ्याने टर्नटेबलचे जोड आणि तारांची टोकेही गंजतात. आवाज एका बाजूने येईनासा झाला तर प्रथम तीच तपासावीत.

कॅसेटच्या बाबतीत मात्र विलंब करू नये आणि बुरशी लागलेली कॅसेट तशीच लावूही नये, कारण टेपरेकॉर्डरच्या हेडवरून ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. काकांच्या एलपी पुन्हा बाजारात मिळू शकतील, पण त्यांनी त्या रात्री, त्या केंद्रावरून, शॉर्टवेव्हच्या हेलकाव्यांसह टिपलेले ध्वनिमुद्रण जगात दुसरीकडे कुठेही नसेल. म्हणून आधी कॅसेट एखाद्या अनुभवी ध्वनितंत्रज्ञाकडून स्वच्छ करून संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्यातील निवेदकाचा आवाज, केंद्राची ओळख आणि खरखर कापू नये, आणि कॅसेटच्या वेष्टनावर काकांनी हाताने लिहिलेल्या तारखा व नावांची छायाचित्रे त्या त्या फाइलसोबत जपून ठेवावीत. घरच्या टेपरेकॉर्डरवर याआधीच एखादी बुरशीची कॅसेट वाजवली गेली असेल, तर त्याचे हेड, रबरी चाक आणि कॅप्स्टन (टेप पुढे सरकवणारी धातूची दांडी) स्वच्छ करून घेतल्याशिवाय दुसरी कोणतीही कॅसेट त्यात घालू नये. हेड आणि कॅप्स्टनसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रबरासाठी सौम्य साबणाचे पाणी वापरावे.